तबला आला नाही तेव्हा: मिरजेतल्या एका मंडळीचं प्रकरण

हे प्रकरण मिरजेतल्या एका जुन्या मराठी ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे एका चर्चच्या सभासदांचं आहे. मी तिथे संडे स्कूल घेते आणि काही वर्षांपासून कमिटीवरही आहे. त्यामुळे जे घडलं त्यात माझा हात आहे, आणि जे वेळेवर घडलं नाही त्यातही. मंडळीचं नाव लिहीत नाही. आसपासच्या चार मंडळ्यांत विचारलं तर असाच किस्सा थोड्याफार फरकाने ऐकायला मिळेल.

तो रविवार

जुलै महिना होता. आमचं चर्च काळ्या दगडाचं, वर पत्रा. जोराची सर आली की पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, माइक असूनही ओरडावं लागतं. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर एक नर्स बसली होती. रात्रपाळी करून, सकाळी आठला चार्ज देऊन, घरी जाऊन अंघोळ उरकून, नऊ महिन्यांची मुलगी कडेवर आणि तीन वर्षांचा मुलगा हाताला धरून ती साडेनऊची उपासना गाठायची. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला, आणि रविवारी आमचा तबलजी. म्हणजे तो पुढे, गायकमंडळाशेजारी. सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून त्या दिवशी त्या घरीच.

उपदेश सुरू झाला आणि मुलीच्या हाताला बिस्किटाची स्टीलची वाटी लागली. सागवानी बाकावर स्टीलची वाटी आपटून बघा एकदा, दगडी भिंतींच्या आत. टण्. मग ती स्वतःच दचकून थांबायची, आवाज कुठून आला ते शोधायची, आणि पुन्हा टण्. आईने वाटी काढून घेतली तर भोकाड. परत दिली तर टण्. दुसऱ्या बाजूला पहिल्या बाकावर बसणारे सेशनचे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या सभेचे, एक जुने वडील (एल्डर) मागे वळले. ते वळले म्हणून त्यांच्या मागचे चौघं वळले.

दाराशी उभे राहणारे काका आले, वाकून अगदी हळू म्हणाले, "बाई, जरा बाहेर घेऊन बसता का? पाळकसाहेबांची लिंक तुटते."

काका वाईट माणूस नाही, कुणाच्याही मयताला पहिल्यांदा पोचणारा तो. पण ती उठली, पिशवी, वाटी, दोन पोरं घेऊन व्हरांड्यात गेली. व्हरांड्यात ओल्या छत्र्यांचा ढीग, वाऱ्याबरोबर आत येणारं पाणी, आणि आवाजाला बॉक्स नाही. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं, फक्त पत्रा ऐकू येत होता. अर्ध्या तासाने ती छत्री उघडून निघून गेली. नवऱ्याने तिला बाहेर जाताना पाहिलं होतं. शेवटचं गीत बाकी होतं, म्हणून तो उठला नाही.

आम्हाला कळलं कसं

कळलं नाही, हेच खरं. पुढचे चार रविवार नवरा एकटा येत राहिला, तबला वाजत राहिला, त्यामुळे त्या घरातलं कुणी कमी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पाचव्या रविवारी तोही आला नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत त्याला किती फोन गेले असतील ते त्यालाच माहीत. सगळ्यांचा प्रश्न एकच, तबल्याचं काय?

संध्याकाळी मी आणि पाळकबाई त्यांच्या घरी गेलो. मुलगी आम्हाला बघून आईच्या खांद्यात तोंड खुपसून बसली. सासूबाईंनी चहा टाकला. सून सगळं हसून सांगत होती, तेच जास्त लागत होतं. "बाहेरच बसायचं तर घरी बसते मॅडम, घरी पंखा तरी आहे. आणि यूट्यूबवर उपदेश पूर्ण ऐकू येतो." कोविडच्या वेळी सुरू केलेलं आमचं थेट प्रसारण आमच्याच अंगाशी आलं होतं.

सासूबाई मात्र हसत नव्हत्या. चहाचा कप पुढे करत म्हणाल्या, "हिच्या बाप्तिस्म्याला पाळकांनी मंडळीला विचारलं होतं, या लेकराला वाढवायला मदत कराल का. तुम्ही पण उभ्या होता. मी बघत होते."

मी उभी होते. आम्ही सगळेच उभे होतो, आणि मोठ्याने हो म्हणालो होतो. आमच्यासारख्या मंडळ्यांत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात तो याच हिशेबाने. बाळ स्वतः काही कबूल करू शकत नाही, म्हणून आई-बाप कबूल करतात आणि मंडळी त्यांच्या पाठीशी उभी राहते. १९७० साली नागपुरात वेगवेगळे पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा त्यात तान्ह्यांना बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्याही होत्या आणि बॅप्टिस्टांसारख्या, जाणत्यालाच बाप्तिस्मा देणाऱ्याही. दोन्ही रीती ठेवल्या. पण ज्या मंडळ्या बाळाला फक्त समर्पित करतात, त्यांच्याकडेसुद्धा बहुधा मंडळीकडून वचन घेतात. त्या वचनात "स्टीलची वाटी सोडून" असं कुठे म्हटलेलं नसतं.

कोण कुठे बसतं

कमिटीत विषय निघाला तेव्हा पहिली चर्चा "आजकालच्या आयांना पोरं सांभाळता येत नाहीत" इथून सुरू झाली. ती मी इथे लिहीत बसत नाही. त्यापेक्षा पुढच्या दोन रविवारी मी मागच्या बाकावर बसून फक्त बघत राहिले, ते लिहिते.

आमच्याकडे बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. असा नियम नाही, आता जोडपी एकत्रही बसतात, पण तान्हं मूल असेल तर ते हमखास डावीकडे. म्हणजे ज्या घरात दोन मुलं आहेत तिथे दोन्ही आईकडे, आणि बाप उजवीकडे हात बांधून उपदेश ऐकतोय. मूल रडलं की अख्खी मंडळी आईकडे बघते, आणि बापही तिच्याकडेच बघतो.

दुसरं, आवाजाचा मोठा बॉक्स डावीकडच्या खांबाला, बरोबर पोरांच्या डोक्यावर. पहिल्या तीन-चार महिन्यांत अचानक मोठा आवाज झाला की बाळ दोन्ही हात फेकून दचकतं. हे कुठल्याही नर्सला ठाऊक आहे, आणि आमच्या मंडळीत नर्सेसचा तोटा नाही. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन दवाखाना काढला तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती घरांत नर्सिंग पिढीजात झालंय. तरी तो बॉक्स तिथेच इतकी वर्षं टांगलेला होता. पेटीचा पहिला सूर भरला की एक तान्हं बाळ दर रविवारी ओरडायचं, आणि त्याची आई दर रविवारी ओशाळायची.

तिसरं म्हणजे आमचं प्रेम. मूल दिसलं की आमच्या मावश्या, आत्या, आज्या "दे गं इकडे, घेते मी" म्हणून ते थेट काढूनच घेतात. आठ-नऊ महिन्यांचं मूल नेमकं त्याच वयात असतं जेव्हा अनोळखी चेहऱ्याला बिचकतं. ते किंचाळतं, मावशी म्हणते "फारच आईवेडं आहे हो," आणि आई आणखी एक पायरी खाली उतरते. यात मीही आले. त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्यावर मी त्या मुलीला पहिल्या मिनिटात हात पुढे केले होते.

व्हेस्ट्रीतला प्रयोग

कमिटीने ठरवलं ते सोपं होतं. व्हेस्ट्री, म्हणजे चर्चला लागून असलेली सामानाची खोली, रिकामी करायची, तिथे एक छोटा बॉक्स लावायचा, गादी टाकायची, आया तिथे बसतील. मोठ्या शहरांतल्या चर्चमध्ये काचेची खोली असते तसं. मीही हात वर केला.

रिकामी करताना नाताळचं सामान निघालं. चांदणी, मेंढरं, आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला गव्हाणीतला बाळ येशू. ते सगळं आम्ही माळ्यावर टाकलं आणि त्या जागी खरी बाळं बसवली. यातला विनोद पाळकबाईंना आधी दिसला. मला दोन महिने लागले.

दोन महिन्यांत काय झालं? पहिले दोन रविवार बरे गेले. मग आया गप्पा मारू लागल्या. का मारू नयेत, पाळकांचा आवाज डब्यातून आल्यासारखा, दिसत तर काहीच नाही. मुलं एकमेकांची खेळणी ओढून आधीपेक्षा जास्त आरडाओरडा करत. एकही बाप त्या खोलीत फिरकला नाही. अर्पणाची पिशवी तिकडे न्यायची एकदा राहून गेली, पुढच्या वेळीही राहिली. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या, रविवारी भाकर आणि पेला तिथे पोचेपर्यंत आत शेवटचं गीत चाललं होतं. एका आईने मला विचारलं, "इथून आमेन म्हटलं तर कुणाला ऐकू जातं?" नोव्हेंबरात खोलीत दोघीच उरल्या. आमची तबल्याची नर्स तर एकदाच आली. सासूबाईंच्या आग्रहाखातर.

ज्यांच्याकडे अशी खोली आहे आणि चालते, त्यांना ती मोडा असं मी म्हणणार नाही. दूध पाजायला, लंगोट बदलायला, फारच चिडलेल्या मुलाला पाच मिनिटं शांत करायला जागा हवीच. आमची चूक अशी की पाच मिनिटांची जागा आम्ही त्यांची कायमची जागा करून टाकली.

बुधवारचा अभ्यास

डिसेंबराच्या आधी पाळकसाहेबांनी बुधवारच्या प्रार्थनासभेत हा विषय घेतला. त्यांनी उपदेश केला नाही, बायबलमधले चार उतारे वाचायला लावले आणि गप्प बसले. मुलांना येशूजवळ आणतात आणि शिष्य दटावतात तो प्रसंग मत्तय, मार्क आणि लूक तिघांतही आहे. आम्ही तो पाळण्यापासून ऐकलेला, भिंतीवर चित्रही आहे. पण येशूला राग आला हे फक्त मार्क सांगतो, आणि ती तान्ही बाळं होती हे फक्त लूक. तान्ही बाळं म्हणजे रडणारी, हे ओघाने आलंच. योएल संदेष्ट्याच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात उपासाची सभा भरवायला सांगितलीय तिथे अंगावर पिणाऱ्या मुलांनाही जमवा असं आहे.

मागे वळलेले ते वडीलही आले होते, तयारी करून. त्यांनी नहेम्याचं पुस्तक काढलं, आठवा अध्याय. एज्रा शास्त्र्याने नियमशास्त्र वाचलं ते पुरुष, स्त्रिया आणि "ज्यांना ऐकून समजत होतं" त्यांच्यापुढे. "समजणाऱ्यांपुढे, साहेब," ते म्हणाले. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पाळकसाहेबांनी बायबलमधल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा एकतिसावा अध्याय पुढे केला, तिथे लेकराबाळांसकट लोक जमवायचे आहेत ते ऐकून शिकण्यासाठी. मग कुणीतरी मागून त्रोवसच्या युतुखाचं नाव घेतलं, पौलाचं भाषण लांबलं म्हणून झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून पडलेला तरुण. सगळे हसले, पाळकसाहेब जरा कमी.

पण त्या बुधवारी खरं हाती लागलं ते सभा संपल्यावर. वडिलांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाले, "हे घालून बघा. उपदेश आणि वाटी यातलं काय मोठं ऐकू येतं ते सांगा." साधं श्रवणयंत्र सगळेच आवाज मोठे करतं. माणूस जवळ बोलत असेल तर ठीक, दगडी चर्चमध्ये घुमणारा माइक आणि लाकडावरची वाटी यात ते वाटी निवडतं. बायको गेल्यापासून आठवड्यात त्यांचं एकच बाहेर पडणं, ते रविवारचं. त्यांना बाळ नको नव्हतं, त्यांना उपदेश हवा होता. चार महिने आम्ही त्यांना या प्रकरणातला खलनायक धरून बसलो होतो.

मग काय बदललं

खर्च जवळपास शून्य. आवाजाचा बॉक्स उजवीकडच्या खांबावर गेला आणि त्याचं तोंड मागे फिरलं. पाळकसाहेब कॉलरचा माइक लावू लागले, त्यामुळे आवाज कमी ठेवूनही शब्द स्पष्ट येतात. वडिलांची जागा पुलपिटाच्या, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठाच्या, अगदी पायाशी, तीन हातांवर. मुलांची जागा व्हेस्ट्रीतून थेट पुढे, डावीकडच्या पहिल्या दोन बाकांवर, आणि त्यांच्यासमोर जमिनीवर एक गोधडी. मूल मागे बसतं तेव्हा त्याला दिसतात फक्त पाठी आणि अंबाडे. पुढे बसलं की तबला दिसतो, पेटीचा भाता दिसतो, पाळकांचे हात दिसतात.

तबल्याचा परिणाम मला अपेक्षित नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या चालीवर जी भजनं लिहिली ती आमच्याकडे आजही टाळ-तबल्यावर होतात. भजन सुरू झालं की गोधडीवरची सगळी मुलं गप्प होऊन तबल्याच्या बोटांकडे बघतात. खरं तर हे आम्हा मिरजकरांना नवं असायला नको. मीरासाहेबांच्या उरुसाला दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं होतं. तिथे आयांच्या मांडीवर, सतरंजीच्या कडेला पोरं झोपलेली असतात. कुणी त्यांना बाहेर काढत नाही आणि कुठला गवैया लिंक तुटली म्हणत नाही.

गोधडीवर कापडी चेंडू, लाकडी प्राणी, त्या दिवसाच्या वाचनाचं रेघांचं चित्र आणि जाड खडू. स्टील नाही, शिट्टी नाही. बिस्किटं प्लास्टिकच्या डबीत.

दाराशी उभे राहणाऱ्या काकांना आम्ही नवं वाक्य दिलं. मूल फारच रडायला लागलं तर आईकडे न जाता आधी बापाकडे जायचं. "भाऊ, बाळाला जरा फिरवून आणता का, दोन मिनिटांत परत या." परत या हे म्हणायचंच. पहिल्या रविवारी काकांनी ते तबलजीलाच म्हटलं. त्याने भजनाच्या मध्येच तबला सोडला, मुलीला खांद्यावर घेतलं, व्हरांड्यात चक्कर मारून आला. तेवढी दोन कडवी नुसत्या टाळांवर झाली. आकाश कोसळलं नाही.

मावश्यांसाठीही सूचना होती, ती पाळकबाईंनी भगिनी मंडळात सांगितली, कारण माझं कुणी ऐकलं नसतं. आधी आईशी बोला, मूल तुमच्याकडे बघू दे, त्याने हात पुढे केला तरच घ्या. मुलाला शौचालयाकडे न्यायचं तर आई किंवा बाप, नाहीतर दोघीजणी, एकटं कुणी नाही. आणि उपासना चालू असताना रस्त्याकडचं फाटक बंद. शेवटच्या दोन गोष्टींवर कमिटीत वाद झाला नाही, होऊही नये.

अंगावर पाजण्याचा विषय मात्र अर्धा तास चालला. पाळकसाहेबांनी पोप फ्रान्सिस यांचं उदाहरण दिलं. २०१४ च्या जानेवारीत सिस्टीन चॅपलमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी आयांना सांगितलं होतं की बाळ भुकेलं असेल तर इथेच पाजा. "ते कॅथलिक आहेत," एक सभासद म्हणाले. "बाळं कुठलीही असोत, भूक एकच," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय तिथे संपला. ओढणी आहे, पदर आहे, कुणी मान वळवत नाही.

उपदेश चाळीस मिनिटांवरून पंचविसावर आला. पाळकसाहेबांचा अजूनही दावा आहे की याचा मुलांशी संबंध नाही.

अजून न सुटलेलं

सगळं गोड झालं असं नाही. एका रविवारी माझ्याच संडे स्कूलमधल्या एका पोराने माइकची वायर ओढली, जी शिट्टी वाजली तिने सगळ्यांचीच लिंक तुटली. एक कुटुंब "चर्चचं अंगणवाडी केंद्र केलंय" म्हणून सांगलीच्या दुसऱ्या मंडळीत जातं. आम्ही त्यांना भेटून आलो, ते परत आलेले नाहीत. गोधडी धुण्याच्या यादीत आठ बायका आणि एक पुरुष आहे, आणि तो पुरुष कोण हे वाचकांनी ओळखलं असेल.

रात्रपाळीची नर्स आता पहिल्या बाकावर बसते. उपदेशात तिला बहुतेक वेळा डुलकी लागते, आणि ते ठीक आहे.

राहिलं प्रभुभोजन. मार्चमध्ये पहिल्या रविवारी तिचा तीन वर्षांचा मुलगा रांगेत आईपुढे उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात ओंजळ करून पुढे केले. पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. त्याने वर बघितलं, ओंजळ तशीच, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला नाही दिलं." आमच्याकडे दृढीकरण, म्हणजे जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल करणं, झाल्याशिवाय भाकर नाही. तिच्याच वॉर्डातली एक मल्याळी सिस्टर त्या दिवशी आली होती. बाहेर आल्यावर ती सहज म्हणाली की त्यांच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालाही कुर्बानातलं (त्यांच्या प्रभुभोजनातलं) देतात, आपल्याकडे का नाही? पाळकसाहेबांनी काहीतरी उत्तर दिलं, ते त्यांनाही पटलेलं दिसलं नाही. प्रश्न सेशनच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतलाय. तिसऱ्या क्रमांकावर, छपराच्या गळतीनंतर.